देव्हाऱ्यातलं पान चौऱ्याण्णव

मित्रांनो, मला बघून हसू नका. वयाने मी जेमतेम चार वर्षांचा आहे, पण दिसतो चाळीस वर्षांचा. माझी शिवण उसवली आहे. पान साठवर बांगड्याच्या कालवणाचा डाग आहे. अंगभर हळद आणि कुंकू आहे आणि जवळ घेतलंत तर कापराचा वास येईल. असा वापरून वापरून म्हातारा झालेला मी एक ग्रंथ... छे, ग्रंथ नको, साधं पुस्तकच म्हणा. मला ग्रंथ समजल्यामुळे काय फजिती झाली, तेच तर सांगायला बसलोय.

माझं नाव 'घाम, झोप आणि चिडचिड'. नाव ऐकून तुम्हाला वाटेल की हे परीक्षेच्या दिवसांबद्दलचं पुस्तक असणार. नाही बाबांनो! मी बायकांच्या पन्नाशीबद्दलचं पुस्तक आहे. पाळी जायची वेळ येते तेव्हा बाईच्या शरीरात काय काय होतं, ते माझ्यात लिहिलं आहे. परळला तीस वर्षं बायकांना तपासणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी मला लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. रोज शंभर बायकांना तीच गोष्ट सांगून माझा घसा बसतो, त्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

माझा जन्म गिरगावातल्या एका छापखान्यात झाला. तिथे छापलेले मोठे कागद घडी घालून लावायचं काम बायका करायच्या. त्यातल्या एकीने घडी घालता घालता माझं पान बारा वाचलं. त्यावर लिहिलं होतं की इस्ट्रोजेन नावाचं हॉर्मोन कमी-जास्त व्हायला लागलं की अंगातून अचानक गरम वाफा येतात, घाम फुटतो आणि ते अगदी स्वाभाविक आहे. ती काम सोडून तशीच बसली आणि शेजारणीला म्हणाली, "अगं बाई, म्हणजे मला भूतबाधा नाही झालेली!" दोघी इतक्या हसल्या की मालक बाहेर येऊन बघून गेला. आपला जन्म काही फुकट नाही, हे मला त्याच दिवशी कळलं.

पण पुढे दादरच्या पुस्तकांच्या दुकानात माझा सगळा तोरा उतरला. माझ्या एका बाजूला पाककृतींचं जाडजूड पुस्तक होतं, दुसऱ्या बाजूला राशिभविष्य. त्या दोघांना उसंत नव्हती. मला मात्र कोणी हातात घ्यायचं नाही. एका गृहस्थांनी चुकून उचललं, कव्हर वाचलं आणि हात भाजल्यासारखं खाली टाकलं. बायका यायच्या, माझ्याकडे तिरक्या नजरेने बघायच्या आणि पुढे जायच्या. एकीने तर मला उलटं करून ठेवलं. आठ महिने मी भिंतीकडे तोंड करून काढले. वाईट वाटलं हो! मी काय चोरी केली होती?

मग जानेवारीत सीमा आली. सत्तेचाळीस वर्षांची, महापालिकेच्या कार्यालयात नोकरी करणारी, प्रभादेवीच्या जुन्या चाळीत राहणारी. थंडीचे दिवस असूनही तिच्या कपाळावर घाम होता. तिने मला उचललं, दोन पानं वाचली आणि तिचे डोळे भरून आले. पाककृतींच्या पुस्तकाखाली मला दडवून ती गल्ल्यापाशी गेली आणि दुकानदाराला म्हणाली, "दादा, पिशवी काळी द्या हां."

सीमाचं घर दोन खोल्यांचं. नवरा जयवंत माझगावच्या गोदीत कामाला. मुलगी अपेक्षा सातवीत. आणि सासूबाई गंगुबाई, वय सदुसष्ट, मूळच्या मालवणकडच्या. मुंबईत पन्नास वर्षं राहूनही त्यांची मालवणी जशीच्या तशी होती. घरात सगळं ठीक होतं, भांडण फक्त पंख्यावरून व्हायचं. सीमा पंखा पाचवर करायची, गंगुबाई एकवर आणायच्या. सीमा पुन्हा पाचवर. "आमका काय उडवून लावतलंस काय गो?" असं गंगुबाई विचारायच्या आणि मग सीमाचा असा काही स्फोट व्हायचा की जयवंत चप्पल घालून नाक्यावर निघून जायचा. भांडण संपलं की सीमा मोरीत जाऊन गुपचूप रडायची. मला काय झालंय हेच कळत नाही, असं ती स्वतःशीच म्हणायची.

आता एवढ्याशा घरात मला लपवायचं कुठे? सीमाकडे परकराच्या अस्तरातलं लाल सुती कापड उरलं होतं. तिने मला त्यात गुंडाळलं, वरून नाडी बांधली आणि कपाटातल्या साड्यांमागे ठेवलं. इथेच घोटाळा झाला. मित्रांनो, तुमच्या आजीच्या घरी पोथी कशात बांधून ठेवतात, आठवतंय ना? लाल कापडात!

चार दिवसांनी गंगुबाई शाल काढायला गेल्या आणि मी त्यांच्या हाताला लागलो. त्यांनी मला आधी कपाळाला लावलं. त्यांचे डोळे पाणावले होते. "अगो सीमा, पोथी हाडलंस आणि माका सांगलंस पण नाय? बरा केलंस गो! मी म्हणतंय, सुनेक देवाचा काय पडलेला नाय, आणि तू गुपचूप पोथी वाचतंस!"

सासूबाई इतक्या खूश सीमाने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिल्या होत्या. खरं सांगायचं म्हणजे पाळीचं पुस्तक काढून दाखवायचं. ती नुसती "हं" म्हणाली. संपलं! पाच मिनिटांत मी देव्हाऱ्यात, पाटावर, गणपतीच्या उजव्या हाताला बसलो होतो. माझ्या डोक्यावर हळद पडली, कुंकू पडलं आणि वर एक टपोरं जास्वंदीचं फूल आलं. आठ महिने भिंतीकडे तोंड करून बसलेल्या पुस्तकाला एकदम एवढा मान! खोटं कशाला बोलू, मला सुरुवातीला फार आवडलं.

पोथी हातात घेतली की अर्धवट सोडायची नाही, असा गंगुबाईंचा नियम. "पारायण श्रावणात करूया. तवसर तू रोज न्हावन एक-एक पान वाचीत जा," असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांना स्वतःला वाचता आलं नसतं, कारण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यामुळे रोज सकाळी सीमा न्हाऊन माझ्यापुढे बसायची, नाडी सोडायची आणि गंगुबाई मागे हात जोडून उभ्या राहायच्या.

"मोठ्यान वाच गो. माका पण ऐकूक येवंदे."

"आई, हे मनातल्या मनातच वाचायचं असतं."

"असली कसली गो पोथी?"

"तशीच आहे," असं म्हणून सीमा पदर तोंडाला लावायची. हसू दाबण्यासाठी, हे फक्त मला माहीत होतं.

पण वाचन मात्र ती मनापासून करायची. दोन महिन्यांत तिच्यात फरक पडला. ती डॉक्टरांकडे जाऊन आली. संध्याकाळी दादर चौपाटीपर्यंत पायी जाऊ लागली. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून रोज नाचणी खाऊ लागली आणि पाण्याच्या बाटल्या भरून हातात घेऊन वर-खाली करू लागली. चिडचिड झाली तरी "अगं, हे हॉर्मोनचं चाललंय" असं स्वतःला सांगून दोन मिनिटं गॅलरीत उभी राहायची. गंगुबाई सगळ्या चाळीत सांगत सुटल्या, "माझ्या सुनेक पोथी फळली!"

कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकजण मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" असा होकार देतात. गंगुबाई दुपारी घरात एकट्याच असायच्या, त्यामुळे मागणंही त्याच मागायच्या आणि होकारही त्याच द्यायच्या. "बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाच्या, जयवंताच्या गुडघ्याक बळ दी रे म्हाराजा! नातीक गणितात पास कर रे म्हाराजा! सुनेच्या डोक्यातलो राग असोच शांत ठेव रे म्हाराजा!" मी पण मनातल्या मनात "व्हय म्हाराजा" म्हणायचो. गणितापुढे माझं काही चाललं नसतं, पण रागाबद्दल माझं चौथं प्रकरण होतं ना!

मग मे महिना आला. चाकरमान्यांची गावाला जायची गडबड सुरू झाली. जयवंतने महिनाभराची रजा काढली होती, वीस तारखेची तिकिटं होती. आणि एका दुपारी गंगुबाई देव्हाऱ्यासमोर आल्या, पण जवळ आल्या नाहीत. चार हात लांब, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. आवाज अगदी बारीक होता.

"देवा म्हाराजा, सतरा वर्सां झाली माझी पाळी जाऊन. आता ह्या वयात परत रक्त कसला रे दिसता? कोणाक सांगू? सुनेक सांगूक माका लाज वाटता. उष्णता झाली आसात. सब्जा खातंय, कोकमाचा पाणी पितंय. शांत कर रे म्हाराजा."

त्या दिवशी मी "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही. मित्रांनो, मी आतल्या आत ओरडत होतो. नाही गंगुबाई! ही उष्णता नाही! माझी नाडी सोडा, पान चौऱ्याण्णव काढा! त्या पानावर नेमकं हेच लिहिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं आणि भोवती चौकट टाकली होती. त्या बाईला हवं असलेलं उत्तर चार हातांवर होतं आणि त्यावर तिनेच वाहिलेलं फूल होतं. काय उपयोग त्या फुलाचा? त्या दिवसापासून मला हळद-कुंकू नकोसं झालं.

सीमाने ते पान एप्रिलमध्येच वाचलं होतं. पण तिची पाळी अजून पूर्ण गेली नव्हती, म्हणून हे आपल्यासाठी नाही असं समजून तिने ते उलटलं होतं. आणि आता तर गावाच्या तयारीत तिचं वाचनही बंद पडलं होतं. मी लाल कापडात बांधलेला तसाच पडून होतो. त्या गाऱ्हाण्याच्या दुसऱ्या दिवसापासून पूजा अपेक्षा करू लागली.

"कंबर धरलीहा माझी. वाकाक जमणा नाय," असं गंगुबाईंनी सांगितलं. दोन आठवडे असेच गेले. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "तुम्ही तिघा गावाक जावा. मी हयच रवतंय."

जयवंतला आश्चर्य वाटलं. "आये, तू गावाला येत नाहीस? काय झालं तुला?"

"कंबर, रे बाबा, कंबर!"

जायच्या आदल्या सकाळी सीमा बॅगा भरत होती. अपेक्षा फुलं घेऊन देव्हाऱ्यापाशी बसली होती. ती सहज म्हणाली, "आई, आजीची कंबर दुखते ना? मग काल तिने पाण्याची कळशी कशी उचलली?"

सीमाचे हात थांबले. "उचलली?"

"हो. लादी पण पुसली. फक्त देव्हाऱ्याकडे येत नाही. मी फूल द्यायला गेले तर म्हणाली, शिवू नको माका. तू म्हणतेस ना तुझ्या त्या चार दिवसांत, तस्संच."

सीमाने हातातली बॅग बाजूला सारली. या घरात पाळीच्या दिवसांत देवाला शिवायचं नाही, हा गंगुबाईंचाच नियम होता. पान अकरावर, यात विटाळबिटाळ काही नसतो असं स्वच्छ लिहिलेलं असूनही सीमा तो निमूटपणे पाळत आली होती. त्या नियमामुळेच आज तिला कोडं उलगडलं. तिने अपेक्षाला शेजारी पाठवलं, देव्हाऱ्यातून मला उचललं आणि नाडी सोडली.

"आई, या इथे. आज मी मोठ्याने वाचते."

गंगुबाई चौकटीतच थांबल्या. "मी हयसूनच ऐकतंय."

सीमाने पान चौऱ्याण्णव उघडलं आणि वाचू लागली. "पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी एक डाग जरी दिसला, तरी उष्णता म्हणून घरी बसू नये. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण ते साधं आहे हे डॉक्टरांनी तपासून सांगायचं असतं, आपण नाही. क्वचित ती गर्भाशयाच्या कर्करोगाची सुरुवात असते आणि ती लवकर सापडली तर बाई बरी होते. म्हणून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावं. लाजू नये."

गंगुबाईंनी भिंतीला हात लावला.

"ह्या पोथयेत लिवलाहा?"

"आई, ही पोथी नाही. हे बायकांच्या तब्येतीचं पुस्तक आहे. मी लाजेपायी तुम्हाला खोटं सांगितलं. मला माफ करा."

"म्हणजे चार महिने मी ह्येची पूजा करतंय?"

"हो."

"आणि मनातल्या मनात वाचूचा असता, ता?"

"तेही खोटंच."

गंगुबाई रागावतील असं मला वाटलं. पण त्यांनी वेगळंच विचारलं. "सीमा, दोन आठवडे झाले गो. माका काय मोठा तर झाला नाय ना?" असं म्हणून त्या लहान मुलीसारख्या रडू लागल्या. सीमा उठून त्यांच्याकडे धावली तशा त्या मागे सरकल्या. "शिवा नको माका!"

सीमाने ऐकलं नाही. तिने त्यांना घट्ट मिठी मारली. मी जमिनीवर उघडा पडलो होतो, चौऱ्याण्णव पान वर करून.

जयवंत आला तेव्हा सीमाने चौऱ्याण्णव पान उघडून मला त्याच्या हातात दिलं. दादरच्या त्या गृहस्थांसारखा हा पण मला टाकतो की काय, असं वाटलं. पण त्याने ते पान उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मग म्हणाला, "गावाचं नंतर बघू. चल आये, टॅक्सी आणतो."

सोनोग्राफी झाली, गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा बारीक तुकडा तपासायला गेला. ते आठ दिवस घरात कोणी पंख्यावरून भांडलं नाही. निकाल आला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "बिघाड सुरू झाला होता, पण अगदी सुरुवातीलाच आणलंत. पिशवी काढून टाकू, मग आजी ठणठणीत. आणखी वर्षभर अंगावर काढलं असतं तर मात्र कठीण होतं."

ऑपरेशन चांगलं झालं. गंगुबाई घरी आल्या त्या दिवशी त्यांनी आधी पंख्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सीमा, कर गो पाचवर. मी चादर घेतंय." मग त्या थेट देव्हाऱ्यापाशी गेल्या. मला हातात घेतलं आणि लाल कापड सोडून बाजूला ठेवलं. ते कापड पुन्हा कधी माझ्या अंगावर आलं नाही. अपेक्षाने त्याची स्वयंपाकघरात पुसणी केली.

आणि मग श्रावण आला! गंगुबाईंनी चाळभर आमंत्रण दिलं होतं, ते काही त्यांनी रद्द केलं नाही. "मी पारायण बोललंय, म्हणजे पारायण होतला!" सतरा बायका जमल्या. समोरच्या खोलीतल्या गौतमची आईही आली. "आमच्यात पोथी नसते, पण तुमच्या सुनेने सांगितलं की हे पुस्तक आहे. मग म्हटलं येतेच," असं म्हणत ती अगदी पुढे बसली. बाकीच्या बायका हात जोडून बसल्या होत्या. अपेक्षाने मला मांडीवर घेतलं आणि माझं नाव वाचलं, "घाम, झोप आणि चिडचिड." जोडलेले हात हळूहळू सुटले. मग मागून कोणीतरी खुदकन हसलं आणि सगळ्यांचीच हसून हसून मुरकुंडी वळली.

जयवंत दारातून हळूच सटकायला बघत होता. "खंय चाललंस?" गंगुबाईंनी हाक मारली. "बस हय. तुझ्या आयेचो जीव ह्येच्यान वाचलो." बिचारा चहाचे कप भरत बसला, पण शेवटपर्यंत बसला.

अपेक्षा वाचत होती आणि बायका मध्येच थांबवून विचारत होत्या. मला पण असंच होतं, मला पण झोप लागत नाही, मी पण कोणाला सांगितलं नाही. चौऱ्याण्णव पान आलं तेव्हा मागच्या रांगेतल्या एका बाईने मान खाली घातली. गंगुबाईंनी ते बरोबर हेरलं. त्या उठून तिच्याशेजारी जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मिळून दवाखान्यात गेल्या.

मित्रांनो, त्यानंतर मी त्या चाळीतल्या किती घरांत जाऊन आलो, याचा हिशेब मी ठेवला नाही. कोणी मला शेगडीपाशी वाचलं, कोणी भाजी निवडताना. म्हणून मी असा दिसतो. माझी शिवण उसवली ती चौऱ्याण्णव पानापाशीच, कारण तेच सगळ्यात जास्त वेळा उघडलं गेलं. मला याचं जराही दुःख नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुस्तकांना कव्हर घाला, जपून ठेवा, नमस्कारही करा, पण बांधून ठेवू नका. उघडा. आणि तुमची आई पंखा पाचवर करून बसली, उगाच चिडली किंवा आजी एखादं दुखणं लपवते आहे असं वाटलं, तर हसू नका. अपेक्षासारखं नीट बघा आणि विचारा. आई लाजली तर तिच्याजवळ बसून माझ्यासारखं एखादं पुस्तक तिला वाचून दाखवा.

दरवर्षी श्रावणात गंगुबाई माझं पारायण करतात. शेवटी उभं राहून गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं असतं, पण त्यांना आता कोण अडवणार? "बा देवा म्हाराजा, आजपासून ह्या चाळीतली एकव बाई आपला दुखणा लपवची नाय रे म्हाराजा!"

सगळी गॅलरी दुमदुमते, "व्हय म्हाराजा!"

त्यात सर्वात मोठा आवाज माझा असतो. तो कोणाला ऐकू येत नाही, ती गोष्ट वेगळी.